गॅलरीत दिवाळीचा किल्ला जमेल का?

मृदुला_पुणे: चौथ्या मजल्यावर राहतो, सोसायटीत किल्ल्याला जागा नाही. गॅलरी चार बाय सहा फूट. मुलगा ८ वर्षांचा, मुलगी ५. घरभर माती न होता काही करता येईल? प्लास्टरचा तयार किल्ला आणायचा नाहीये.

गडवेडा: नक्की जमेल, आणि तयार आणू नकाच! खाली ताडपत्री घाला, कडा विटांवर दुमडा. मधे विटा, खोकी रचा. जुनं गोणपाट चिखलाच्या पाण्यात बुडवून वरून टाकलं की कड्यांच्या घड्या आपोआप पडतात. मग लिंपायला दोन घमेली माती पुरते. लिंपण मुलांनाच करू द्या, बुरूज वाकडा झाला तरी तुम्ही हात लावू नका.

एक आग्रह: मनातला कुठलातरी किल्ला नको, खरा गड निवडा. राजगड करा. मधे बालेकिल्ला, तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी माची. एकदा हातांनी केला की नकाशा पाठ होतो.

वसुबारसेच्या चार दिवस आधी अळीव पेरा. पाणी फक्त शिंपडा, ओतलंत तर बी वाहून जातं.

कोल्हापूरची_काकू: मोहरीही छान उगवते. पणत्या मात्र गोणपाटापासून लांब ठेवा गं.

मृदुला_पुणे: हो काकू! दादा, लांबट बाजू कठड्याकडे आहे, तिथे कुठली माची?

गडवेडा: संजीवनी. लांब, निमुळती, पश्चिमेकडे गेलेली. मावळे तिथेच उभे करा.