कोल्हापूरला गोल्फ क्लबची परंपरा हवीच कशाला?

पेठकरी
परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे काका म्हणाले, "पुण्यासारखा जुना गोल्फ कोर्स पाहिजे होता राव, आपल्या गावाला क्लबची परंपराच नाही." माझा घासच अडकला. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला शाहू महाराज विलायतेला गेले, तेव्हा रोमचं कलोझियमही बघून आले. साहेबाचे सगळे खेळ समोर असताना महाराजांनी बांधलं काय? खासबाग, कुस्तीचं मैदान! १९१२ ला ते खुलं झालं. बैठक अशी उतरती की पार मागच्यालाही पट कसा काढला ते दिसतं. हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेली. त्या काळात इंग्रजांचे क्लब हिंदी माणसाला दारातूनच परत पाठवत होते. मुंबईत विलिंग्डन क्लब निघाला तो त्यामुळंच. आणि तिथंही आत गेले ते राजेरजवाडे नि शेठ.

रंकाळ्याचा वारा
भावा, महाराज अर्धेच सांगू नकोस. शिकारीसाठी चित्ते कुणी पाळले होते? आणि रेसकोर्स नाका हे नाव काय आभाळातनं पडलं? फुटबॉल तरी कुठं आपला? साहेबाचाच की. आज पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मॅच असली की तूच दुपारपासनं शाहू स्टेडियमला जागा धरून बसतोस. नेमबाजी तर बड्या लोकांचा खेळ. पण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधनं ब्राँझ आणलंच ना? अली शेर दिल्लीत कॅडी होता, बड्यांच्या बॅगा वाहायचा. १९९१ ला त्यानंच गोल्फची इंडियन ओपन मारली. दार उघडं ठेवा म्हण, दारच नको असं कशाला?

पेठकरी
रायफल रेंजला जागा लागते किती? अठरा होलच्या गोल्फ कोर्सला शंभर-सव्वाशे एकर. एकरी चाळीस टन धरला तरी चार हजार टन ऊस गेला, तोही दरवर्षी. आणि त्या हिरवळीला रोज पाणी कुठलं? राधानगरीचं धरण महाराजांनी शेतीसाठी सुरू केलं, गवतासाठी नव्हे.

उसाचा फड
ऊस काय पाण्याचा उपास करतो व्हय? 😄 मी स्वतः ऊसवाला, म्हणून बोलतोय. आणि खासबागेचं एवढं प्रेम आहे तर मागच्या मैदानाला किती जण तिकीट काढून बसला होता ते सांगा. मोबाईलवर कुस्ती बघायची नि परंपरेच्या गप्पा!

बावड्याची ताई
जमिनीचंच बोलायचं तर पंचगंगेच्या पूररेषेत बघा. २०१९ आणि २०२१ ला काय झालं ते आम्ही बावडेकरांनी भोगलंय. तिथं अपार्टमेंट उठवण्यापेक्षा गवताचं मैदान परवडलं, पाणी येईल नि उतरेल. फक्त पालिकेचं असावं, शाळेच्या पोरांना मोकळं, मेंबरशिप नको.

पेठकरी
ताई, मेंबरशिप नाही म्हटल्यावर ते काका येतील का खेळायला?

रंकाळ्याचा वारा
न येऊ देत. पोरं येतील की.