इमॅजिकाची तारीख सारखी हलतेय, बुकिंग कोणत्या क्रमाने करावं?

गिरणाकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. जळगावहून खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जायचंय. नऊ जण आहोत: वडील 68, आई 63, आम्ही दोघं, मुलं 11 आणि 6 वर्षांची, मोठा भाऊ, वहिनी आणि पुतणी. आधी एप्रिलचा शेवट ठरला होता, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी येतात, तेव्हा आई घर सोडत नाही. मग मेचा पहिला आठवडा काढला, तर त्यात पुतणीची नीट परीक्षा. मेच्या मध्यावर वहिनीच्या माहेरचं लग्न निघालं. आता मे अखेर किंवा जूनचा दुसरा आठवडा म्हणतोय, तेही पक्कं नाही. भाऊ म्हणतो गाडी करू, वडील म्हणतात रेल्वेच. एक दिवस थीम पार्क, एक दिवस वॉटर पार्क, मध्ये एक मुक्काम. तारीख पुन्हा हलली तरी कमीत कमी पैसे बुडावेत, यासाठी आधी काय बुक करू?

चाळीसगाव जंक्शन

बठ्ठासले (सगळ्यांना) जमी अशी तारीख काय भेटाव नही भाऊ, त्यामुळे ती शोधत बसू नका. जे रद्द करायला स्वस्त ते आधी घ्या, जे रद्द होत नाही ते सगळ्यात शेवटी. म्हणजे आधी रेल्वे, मग फुकट रद्द होणारी खोली, आणि पार्कची तिकिटं अगदी शेवटच्या आठवड्यात. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. पार्कची ऑफर दिसली की तिकिटं घेऊन टाकतात आणि मग त्या तारखेला गाडीत जागा नसते.

रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडतं, आधी 120 होते. प्रवासाचा दिवस यात धरत नाहीत. पार्क 9 आणि 10 जूनला धरलं तर जायची गाडी 8 जूनच्या रात्रीची, तिचं आरक्षण 9 एप्रिलला सकाळी 8 वाजता उघडेल. 10 जूनच्या परतीचं 11 एप्रिलला. दोन्ही एकाच दिवशी मिळत नाहीत, त्यामुळे परतीची आठवण वेगळी लावून ठेवा. आयआरसीटीसीच्या खात्याची आधार पडताळणी आजच करा, सुरुवातीच्या वेळेत पडताळणी नसलेल्या खात्यांना बुकिंग करू देत नाहीत.

इथे एक गोम आहे. हे 60 दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजतात. हावड्याहून आदल्या दिवशी निघालेल्या गाडीचं आरक्षण आपल्या हिशेबापेक्षा एक दिवस आधी उघडतं. आणि रात्री 12 च्या आसपास येणाऱ्या गाडीत तर हमखास घोळ होतो. भुसावळला 11:50 ला आलेली गाडी जळगावला दुसऱ्या तारखेची असते. परतीलाही तेच, मुंबईहून 12 च्या आत सुटली तरी कल्याणला तारीख बदललेली असू शकते. तिकिटावर आपल्या स्टेशनची तारीख आणि वेळ दोनदा वाचा.

तारीख हलवायची किंमतही आधीच माहीत असू द्या. पक्कं तिकीट बरंच आधी रद्द केलं तर माणशी ठराविक कापतात, स्लीपरला 120 आणि थर्ड एसीला 180 अधिक जीएसटी. नऊ जणांचे एका बाजूचे स्लीपरला 1080, एसीला 1620. जाऊन-येऊन दुप्पट. बुकिंगचं सुविधा शुल्क परत येत नाही ते वेगळंच. प्रवास जवळ आला की भाड्याच्या टक्क्यात कापतात आणि पक्क्या तत्काळचं काहीच परत मिळत नाही, त्यामुळे डळमळीत बेताला तत्काळचा आधार नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एका पीएनआरवर सहाच जण बसतात, म्हणजे दोन तिकिटं तर होणारच. तुम्ही तीन करा. आई-वडील वेगळे, तुमचं चौघांचं वेगळं, भावाचं तिघांचं वेगळं. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा (पुरुष 60, स्त्रिया 45 च्या पुढे) ज्येष्ठ एकटे किंवा दोघंच असतील तरच लागतो, घोळक्यात टाकलं की जातो. मोठ्या कुटुंबांत सर्रास होणारी चूक आहे ही, आणि मग 68 वर्षांच्या माणसाला मधला बर्थ चढावा लागतो. सहा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ मागितला तर पूर्ण भाडं, नको म्हटलं तर निम्मं.

वेटिंग मिळालंच तर त्याचा प्रकार बघा. पीक्यूडब्ल्यूएल (मधल्या स्टेशनांची सामाईक वेटिंग यादी) लिहिलेलं असेल तर फार आशा धरू नका. लांबून येणाऱ्या गाड्यांपेक्षा अमरावती-मुंबईसारखी जवळून सुटणारी गाडी आधी तपासा.

पांझरा (धुळे)

रेल्वे की गाडी, यावर. नऊ जणांत दोन ज्येष्ठ आणि एक लहान मूल असेल तर माझं मत रेल्वेच्या बाजूने. जळगावहून रात्री बसलं की पहाटे कल्याण. तिथून कर्जतची किंवा थेट खोपोलीची लोकल. सकाळची गर्दी मुंबईकडे जाते, तुम्ही उलट्या दिशेला, त्यामुळे बॅगा घेऊन चढता येतं. मात्र खोपोलीच्या लोकल कमी आहेत. कर्जतला उतरून पुढची कधी आहे ते आदल्या दिवशी बघा, फार वेळ असेल तर कर्जतहूनच गाडी ठरवा. पार्क खोपोली-पाली रस्त्यावर आहे, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं नाही. रविवार टाळा, गर्दी तर असतेच, वर मेगा ब्लॉक.

गाडीच करायची तर धुळे, नाशिक, आणि इगतपुरीहून समृद्धीने भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत. हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला सुरू झाला आणि कसाऱ्याचा घाट टळला. पुण्याकडून येऊ नका. खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. मुंबईकडून आलात तर घाट लागतच नाही, पुण्याकडून आलात तर शनिवार-रविवारच्या लोणावळ्याच्या गर्दीतून घाट उतरावा लागतो.

मे-जूनच्या उन्हात समृद्धीवर भर दुपारी भरलेली ट्रॅव्हलर पळवू नका. काँक्रीट तापलेलं, टायर गरम, वेग जास्त. हवा थंड टायरमध्येच, कंपनीने सांगितलेल्या दाबापर्यंत भरा. पहाटे तीनला निघायचं म्हणून ड्रायव्हर आदला पूर्ण दिवस चालवून आलेला नसावा, हे ठरवतानाच बोलून घ्या. भाडं ठरवताना टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता धरून की सोडून, आणि तारीख बदलली तर विसाराचं काय, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. तोंडी विसार लग्नसराईत परत मिळत नाही.

केळीचं खोड (रावेर)

पार्कमधलं सांगतो.

थीम पार्क आणि वॉटर पार्क यांची तिकिटं वेगळी. तिकीट तारखेचं असतं, वीकेंडचा आणि मधल्या वारांचा दर वेगळा. घेण्याआधी तारीख बदलायची अट वाचा, सवलतीच्या तिकिटांना ती बहुधा कडक असते.

मुलांची उंची घरीच मोजा, चप्पल काढून, सेंटिमीटरमध्ये, आणि वेबसाइटवर राइडनिहाय यादीशी ताडून बघा. वय कोणी विचारत नाही, पट्टीच लावतात. नायट्रोसारख्या मोठ्या कोस्टरला सहा वर्षांचा मुलगा बसणारच नाही, अकरावाल्याचंही उंचीवर आहे. हे निघायच्या आधी त्याला सांगून टाका, रांगेत दीड तास उभं राहून पट्टीपाशी कळलं की सगळ्यांचा दिवस जातो. पाठीचा, हृदयाचा त्रास असलेल्यांना मोठ्या राइड बंद. आई-वडिलांसाठी बसून बघायच्या, छताखालच्या गोष्टी आधी निवडून ठेवा.

क्रम: पहिल्या दिवशी वॉटर पार्क, दुसऱ्या दिवशी थीम पार्क. रात्रभर गाडीत अर्धवट झोप झालेली असताना पाण्यात दिवस निघून जातो, आणि ओले कपडे मुक्कामात वाळतात. उलटं केलं तर ओली बॅग घेऊन रात्रीच्या गाडीत चढाल. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉन किंवा लायक्राच लागतं, वहिनींना आणि आईंनाही. नसेल तर जळगावातच घ्या, पार्कात महाग पडतं.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपवा. औषधं मात्र चिठ्ठीसकट जवळ ठेवा.

जूनचा दुसरा आठवडा म्हणताय, तर हे लक्षात घ्या: आपल्याकडे तेव्हा अजून ढगांची वाट बघणं चालू असतं, पण कोकणात पाऊस त्याच सुमारास उतरतो. पाऊस-विजा आल्या की उघड्यावरचे मोठे कोस्टर थांबवतात. मे अखेरचा मंगळवार-बुधवार मिळत असेल तर तोच घ्या. उकाडा असेल, पण राइड चालू असतील.

गिरणाकाठ (जळगाव)

सगळ्यांचे आभार. मे अखेर पक्कं करायला गेलो तर भाऊ म्हणतो सुट्टी नक्की नाही. तो नाही आला तर त्याच्या तिकिटावर माझा चुलतभाऊ नेता येईल का? आणि आम्ही सहाच उरलो, तोही एकच दिवस मिळाला तर?

चाळीसगाव जंक्शन

चुलतभाऊ नाही चालणार. नाव बदलून फक्त आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांनाच मिळतं, तेही पक्क्या तिकिटावर, एकदाच. गाडी सुटण्याच्या 24 तास आधी आरक्षण खिडकीवर तिकिटाची प्रिंट, ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा घेऊन जावं लागतं. म्हणजे भावाच्या जागी बहीण येऊ शकते, चुलतभावाला नवीन तिकीट काढा. म्हणूनच भावाचा पीएनआर वेगळा ठेवायला सांगितलं, तो रद्द झाला तरी बाकीच्यांच्या तिकिटाला हात लागत नाही.

पांझरा (धुळे)

एकच दिवस असेल तर खोपोलीचा नाद सोडा. शिर्डीला वेट अँड जॉय वॉटर पार्क आणि साईतीर्थ थीम पार्क दोन्ही आहेत. जळगावहून पहाटे निघून चाळीसगाव, नांदगाव, मनमाड, येवला, कोपरगाव करत पोहोचता येतं आणि रात्री घरी. आई-वडील दर्शन घेतील, मुलं पाण्यात. गुरुवार तेवढा टाळा, त्या दिवशी दर्शनाची रांग लांबते. एसटीने गेलात तर महिलांना निम्मं तिकीट, वडिलांना 65 च्या पुढचं म्हणून तेही निम्मं. त्यांचं आधार कार्ड सोबत ठेवा, कंडक्टर मागतो.