बहिणीकडून स्त्रीबीज घेताना तिचा होकार खरा आहे हे कसं ओळखावं?

सावली: धाकटी बहीण थोरलीला स्त्रीबीज द्यायला तयार आहे. तिचा होकार मनापासूनचा आहे की भिडेपोटी, हे कसं कळणार? सहीआधी काय बोलून घ्यावं? आणि मुलाला कधी सांगावं?

पाणकळा: दोघींचं समुपदेशन वेगवेगळं व्हायला हवं. धाकटीशी बोलताना खोलीत तिसरं कुणी नको, आईसुद्धा नको. तिचं मन नसेल, तर समुपदेशकाने बाकीच्यांना एवढंच सांगायचं की ‘दात्री म्हणून ही योग्य ठरत नाही’, कारण द्यायचं नाही. ही सोय पहिल्याच भेटीत तिच्या कानावर घाला. ‘ताईला नाही कसं म्हणू?’ हे वाक्य आलं, की तो होकार धरू नये. तिथेच थांबावं.

रुईफूल: शरीराला काय सोसावं लागतं हे तिला नीट सांगितलंय का, तेही बघा. साधारण ८ ते १४ दिवस रोज इंजेक्शन, अधूनमधून सोनोग्राफी, मग बीजं पक्व करणारं शेवटचं, म्हणजे ट्रिगरचं इंजेक्शन आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनीमार्गातून सुईने बीजं काढतात. ट्रिगरची वेळ चुकली तर सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

मोठा धोका बीजांडकोश अतिउत्तेजित होण्याचा, म्हणजे औषधांमुळे तो प्रमाणाबाहेर सुजण्याचा. दात्रीला स्वतःला गर्भ वाढवायचा नसतो, त्यामुळे एचसीजी या संप्रेरकाऐवजी जीएनआरएच अ‍ॅगोनिस्ट या औषधाचा ट्रिगर देता येतो आणि हा धोका खूप उतरतो. कोणता ट्रिगर देणार, हे डॉक्टरांना थेट विचारा. बीजं काढल्यावर पोट टम्म फुगलं, वजन झपाट्याने वाढलं, लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर सकाळची वाट बघू नका. सूज उतरेपर्यंत धावणं, उड्या मारणं, जड उचलणं बंद. फुगलेला बीजांडकोश पिळला जाऊ शकतो. शरीरसंबंधही टाळायचा, कारण आत राहिलेल्या बीजातून तिलाच दिवस राहू शकतात.

‘माझी बीजं संपतील’ ही भीती मात्र काढून टाका. त्या महिन्यात एरवी जिरून गेली असती, तीच बीजं औषधाने वाढवतात.

सावली: आणि गर्भ राहिलाच नाही तर?

पाणकळा: हे आधी बोलायलाच हवं. धाकटी ‘माझंच बीज वाईट’ असं मनाला लावून घेते आणि पुन्हा द्यायला तयार होते. किती खेपा करायच्या हे सुरुवातीलाच लिहून ठेवा. उरलेल्या भ्रूणांचंही ठरवा: गोठवायचे, नष्ट करायचे, संशोधनाला द्यायचे की दुसऱ्या जोडप्याला? शेवटच्या पर्यायाला पुष्कळ जणी कचरतात, म्हणून त्याची संमती वेगळी घ्या. संमती कुठपर्यंत मागे घेता येते, हा मुद्दाही कागदावर हवा. ब्रिटनमध्ये भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत ती मागे घेता येते.

रुईफूल: मुलाला बोलता येऊ लागल्यापासूनच सोप्या शब्दांत सांगत राहावं. घरात चौघांना माहीत असलेली गोष्ट मुलाला लग्नाच्या वयात परक्याकडून कळली, तर त्याला खुपते ती लपवाछपवी. अनोळखी दात्रीचंही गुपित आता राहत नाही. घरबसल्या केलेल्या डीएनए चाचणीत नाती उघडी पडतात. ब्रिटनने तर २००५ मध्येच नव्या दात्यांची निनावी नोंदणी बंद केली.

एक राहिलं: मावशीला मूल काय म्हणणार? ‘मावशी’च. पण तिला त्याच्या शाळेच्या, औषधपाण्याच्या निर्णयात बोलायचा हक्क वाटेल का, हे दोघींनी समुपदेशकासमोर एकमेकींना स्पष्ट विचारावं.