पाडव्याच्या रविवारी वटामूला एकच दिवस, दोघांनी काय करावं?

सांगलीची_माहेरवाशीण

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं जानेवारीपासून केनियात आहोत, किलिफीपासून आत गान्झेकडच्या एका खेड्यात. मी प्राथमिक शाळेत गणित शिकवते आणि नवरा सोलर पंपाचं आणि टाक्यांचं काम बघतो, दोघंही बिनपगारी, सहा महिन्यांसाठी. राहायला शाळेच्या आवारातच खोली आहे. सकाळी सहाला पोरं दारात हजर असतात आणि रात्री भिंतीपलीकडे हेडमास्तरांचं कुटुंब, माणसं सोन्यासारखी आहेत पण तीन महिन्यांत आम्ही दोघं एकमेकांशी पंपाचे वॉशर आणि परीक्षेचे पेपर सोडून काही बोललोच नाही. रविवारी चर्च, मग कपडे, मग कुणीतरी येतंच.

आता येत्या शनिवारी दुपारपासून रविवार संध्याकाळपर्यंत सुट्टी मिळाली आहे आणि रविवारी नेमका गुढीपाडवा! वटामूला, म्हणजे मालिंदी शहराजवळच्या समुद्रकाठच्या गावाला, जायचं ठरवलंय. नवऱ्याच्या मनाला मात्र टोचतंय, म्हणतो इथे बायका वीस लिटरचा कॅन डोक्यावर घेऊन तासभर चालतात आणि आपण बीचवर पैसे उडवायचे? मला त्याचं पटतंही आणि नाहीही. जाणं तर नक्की आहे. एका दिवसात काय बघावं, मालिंदीही करावं का, मी शाकाहारी आहे तर खायला काय मिळेल, जाणकारांनी सांगा प्लीज.

इतिहासवेडा_ठाणे

ताई, एवढ्या लांब गेलात तर गेडे अजिबात सोडू नका. वटामूचा फाटा जिथे फुटतो तिथेच आहे. तेराव्या ते सतराव्या शतकातलं स्वाहिली शहर, पोवळ्याच्या दगडात बांधलेलं, मशीद, राजवाडा, विहिरी सगळं आता जंगलात उभं आहे आणि मधूनमधून गोरखचिंचेची अवाढव्य झाडं. तिथे उत्खननात चिनी मातीची भांडी आणि व्हेनिसचे मणी सापडलेत, म्हणजे विचार करा केवढा व्यापार असेल. आणि मालिंदीला वास्को द गामाचा स्तंभ. 1498 मध्ये तो तिथूनच वाटाड्या घेऊन कालिकतला आला, आपल्या किनाऱ्याची पुढची चारशे वर्षं तिथून बदलली, मला तर तिथे उभं राहून भरून आलं होतं. सकाळी मालिंदी, दुपारी गेडे, संध्याकाळी बीच असं बसवा, होतं.

जुना_मोंबासाकर

होत नाही हो. मी अकरा वर्षं मोंबासाला काढली आहेत, वटामूला कितीदा गेलो मोजलं नाही. मालिंदीला जाऊन येण्यातच अर्धा दिवस जातो, मटाटू (तिथली वडापची गाडी) भरेपर्यंत सुटत नाही. गेडे सुंदर आहे, पण ते जूनमध्ये परत निघताना करा.

वटामूला दिवसाचं वेळापत्रक आपण नाही ठरवत, पाणी ठरवतं. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की जिथे सकाळी कमरेइतकं पाणी होतं तिथे वाळूचा पट्टा उघडा पडतो, खडकांच्या बेटांपर्यंत चालत जाता येतं, मधल्या डबक्यांत रंगीत मासे अडकलेले दिसतात. तेच भरतीला गेलात तर किनारा अगदी अरुंद उरतो. आणि तुमचा रविवार अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी येतोय, त्यात मार्च महिना, म्हणजे उधाण मोठंच असणार. दोन दिवसांपेक्षा असा एक दिवस चांगला.

पायात रबरी चपला हव्यातच, स्लिपर नको, मागून पट्टा असलेल्या. डबक्यांत काळे काटेरी गोळे असतात, त्याचा काटा तळव्यात मोडला की आठवडा लंगडत जातो. आणि पोवळ्यावर पाय देऊ नका, वाळूवरूनच चाला. मरीन पार्कमध्ये बोटीने जाणार असाल तर फी रोख घेत नाहीत, ऑनलाइन भरून ठेवा, तिथे एकदाच वापरायच्या प्लास्टिकला 2020 पासून बंदी आहे, स्टीलची बाटली न्या. तो पार्क 1968 सालचा आहे, म्हणूनच तिथलं पोवळं अजून जगलंय.

हर्णैकर

मी केनिया बघितलेलं नाही पण भरती-ओहोटीत जन्म गेला म्हणून लिहितो. आमच्याकडे वडीलधारी माणसं तिथीची पाऊणपट करतात, जी येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पाडवा म्हणजे तिथी एक, पाऊण वाजता भरती, मग सव्वासहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहा वाजता. रोज पाऊण तास पुढे सरकतं. मोंबासाकर, तुमच्याकडे अमावस्येला भरती किती वाजता?

जुना_मोंबासाकर

काका, वा! आमच्याकडे अमावस्या-पौर्णिमेला साधारण चारला भरती, पहाटे चार आणि दुपारी चार.

हर्णैकर

मग पाडव्याला पावणेपाच धरा. त्यातून सहा तास वजा केले की सकाळी पावणेअकरा-अकराला पाणी तळाला. ताई, नवाला पाण्यात उतरा आणि साडेअकराला माघारी फिरा. उधाणाचं पाणी परतताना आधी मागच्या खोलगट भागात भरतं आणि माणूस पुढे वाळूवर कोरडा उभा असतो, त्याला कळतच नाही. हे आमच्याकडेही होतं, दरवर्षी.

नैरोबीतली_काकू

खाण्याचं मी सांगते. महाम्री आणि म्बाझी शोध, महाम्री म्हणजे वेलची घातलेल्या फुगलेल्या तिकोनी पुऱ्या आणि म्बाझी म्हणजे नारळाच्या दुधातले तुरीचे दाणे, आपल्या माणसाला पहिल्या घासाला ओळखीचं लागतं. शिवाय म्चिचा, आपला माठच. पण सध्या रोजे चालू आहेत, ईद रविवारी की सोमवारी ते चंद्रावर, त्यामुळे दिवसा छोटी हॉटेलं बंद असतील, शनिवारी संध्याकाळी रोजा सुटल्यावर गल्लीत जे तळणं निघतं तेव्हाच पोटभर खा. आणि गावातून फिरताना खांदे-गुडघे झाकलेले असू देत, बीचवर काय हवं ते घाल.

पाडव्याला कडुलिंब हवा ना? तिथे गल्लोगल्ली आहे, म्वारोबाईनी म्हणायचं. आरोबाईनी म्हणजे चाळीस, चाळीस रोगांवर औषध म्हणून ते नाव. गूळ हवा असेल तर सुकारी न्गुरू.

तुझ्या नवऱ्याला सांग, पैसे उडवणं वेगळं आणि तिथल्याच बाईकडून जेवण घेऊन, तिथल्याच कोळ्याच्या होडीत बसणं वेगळं. मोठ्या रिसॉर्टला जाऊ नका, बस. आणि तीन महिने राबलेल्या माणसाने एक दिवस बायकोजवळ बसावं यात कसली आली चोरी.

सांगलीची_माहेरवाशीण

आलो परत काल रात्री, सगळ्यांना मनापासून धन्यवाद, कुणाचं काय काय कामी आलं ते लिहिते.

शनिवारी गेडे सोडलं (इतिहासवेडा दादा, जूनमध्ये नक्की), फाट्यावरून टुकटुकने थेट मिडा खाडीवर गेलो, कारण नवऱ्याच्या लक्षात आलं की हा पूर्वेचा किनारा, इथे समुद्रात सूर्य उगवतो, बुडत नाही. आम्ही रत्नागिरी-गणपतीपुळ्याची माणसं, समुद्र म्हणजे सूर्यास्त हे डोक्यात इतकं पक्कं की तीन महिन्यांत सुचलंच नव्हतं. सूर्य बुडतो तो खाडीच्या बाजूला, खारफुटीच्या मागे. लाकडी पुलावर बसलो होतो, पाणी उतरायला लागलेलं आणि मुळांमधून चिखल हळूहळू वर येत होता, बारीक खेकडे बाहेर पडायचे आणि आम्ही हललो की सगळे एकदम बिळात. रात्री म्बाझी खाल्ली काकू, मी दोनदा मागून घेतली.

पाडव्याला सहाला किनाऱ्यावर. खोलीच्या मालकिणीकडून कडुलिंबाची डहाळी मागून आणली होती, गुळाचा खडा किलिफीतच घेतला होता. गुढी वगैरे काही नाही, बांबूही नव्हता. त्याने कोवळी चार पानं निवडली, गुळात दाबून माझ्या हातावर ठेवली, समोर सूर्य पाण्यातून वर येत होता आणि तो म्हणाला आईची आठवण येते. सासूबाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील, तेव्हापासून त्याने हा विषय काढलाच नव्हता. मग बराच वेळ तेच बोललो. सासूबाई पाडव्याला श्रीखंडाचा चक्का कसा टांगायच्या, शेवटच्या दिवसांत दवाखान्यात काय म्हणाल्या, त्याला काय सांगायचं राहून गेलं. पंपाचं नाव निघालं नाही.

होडीवाल्याला विचारलं पाणी कधी तळाला, तो म्हणाला सा तानो. नवीन असताना आम्ही सा तानो म्हणजे पाच समजलो असतो, पण इथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे अकरा. हर्णैकर काका, तुमचं बोटांवरचं गणित आणि त्याचं तंतोतंत जुळलं, मी हे वर्गात पोरांना शिकवणार आहे! साडेअकराला माघारी फिरलो तेव्हा खरंच मागच्या सखल पट्ट्यात पाणी पिंडरीपर्यंत आलं होतं. दोननंतर पाणी वर आल्यावर पोहलो.

पुढे कुणी जाणार असेल तर एक सांगते, आम्ही चारला निघालो आणि ईदेच्या गर्दीमुळे किलिफीत पुढची गाडी लवकर मिळाली नाही, गावात पोचेपर्यंत अंधार पडला होता, शेवटचा रस्ता बोडाबोडावर (भाड्याच्या मोटारसायकलवर) काळोखात काढला. तुम्ही तीनलाच निघा.