शब्दचर्चा: ‘बिझनेस लंच’ला मराठीत बोलवायचं कसं?

प्रश्न, पर्वरीहून
पर्वरीत आमची अंतर्गत सजावटीची छोटी पेढी आहे. हॉटेलं आणि गेस्ट हाउस चालवणाऱ्या सहा-सात जणांना पणजीत दुपारी जेवायला बोलवायचा विचार आहे. यांच्यापैकी कुणी अजून आम्हाला काम दिलेलं नाही. द्यावं अशी इच्छा आहे, एवढंच. बहुतेक मंडळी डिचोली, पेडणे, फोंड्याकडची, घरात मराठी वाचणारी, म्हणून पत्रिका मराठीत काढतोय. मसुद्यात ‘व्यावसायिक भोजनाचे निमंत्रण’ असं लिहिलं, तर माझी भागीदार हसायलाच लागली. म्हणाली, पैसे घेऊन जेवणाऱ्यांची स्पर्धा आहे का? मग काय लिहू? मेजवानी, स्नेहभोजन, सहभोजन? आणि ज्यांना बोलावतोय त्यांना आपापसात काय म्हणायचं? ‘संभाव्य ग्राहक’ म्हटलं की जीभ अडखळते.

डिचोलीहून
भागीदारबाईंना शंभर मार्क. व्यावसायिक नट, व्यावसायिक छायाचित्रकार, तसं व्यावसायिक भोजन.
मेजवानीचं मूळ फारसी. तिकडे मेजबान म्हणजे जेवू घालणारा. मराठीत मेजवानी आली, रुळली, मेजवान मात्र फारसा कुणी म्हणत नाही. पण मेजवानीला निमित्त लागतं: मुलगा पास झाला, निवडणूक जिंकली, गाडी घेतली. तुमचं निमित्त अजून घडायचं आहे. सहभोजन तर नकोच. त्या शब्दामागे जातिभेद मोडण्याची चळवळ आहे. रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर उभं राहिलं त्या काळातली सहभोजनं आठवा. खोल्यांच्या पडद्यांची आणि कपाटांची ऑर्डर मिळावी म्हणून तो शब्द खर्ची घालू नये. स्नेहभोजन चालेल, पण गुळगुळीत झालंय. कर्मचाऱ्याच्या निरोप समारंभानंतर असतं ते. मी असतो तर सरळ ‘दुपारचं जेवण’ लिहिलं असतं.

पेडण्याहून
दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. आमच्या बाजारात गिऱ्हाईक म्हणतात आणि त्यात कमीपणा नाही. वकिलाला अशील, डॉक्टरला पेशंट, दुकानाला गिऱ्हाईक. ‘होऊ घातलेलं गिऱ्हाईक’ म्हणा की! फक्त क्रियापद सांभाळा. गिऱ्हाईक ‘जोडतात’. गिऱ्हाईक ‘करणे’ म्हणजे चारचौघांत एखाद्याची टर उडवणे. ‘पटवणे’ आणि ‘गळाला लावणे’ही आपापसातसुद्धा बोलू नका, कारण हे शब्द भिंतीपलीकडे पोचतात. गोव्यात कोण कुणाचा मावसभाऊ निघेल सांगता येत नाही.

फोंड्याहून
मसुद्यातला ‘निमंत्रण’ हा शब्द कुणाच्याच नजरेत आला नाही, मला तो जास्त खटकला. आज आपण निमंत्रण आणि आमंत्रण सरमिसळ वापरतो, पण जुन्या व्याकरणात फरक आहे. पाणिनीच्या एका सूत्रात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात, त्यावर पतंजलीने महाभाष्यात चर्चा केली आहे. देवकार्याला किंवा श्राद्धाला जेवायला बोलावलं आणि ब्राह्मणाने नाकारलं तर त्याला दोष लागतो, ते निमंत्रण. आमंत्रणात यायचं की नाही ही ज्याची त्याची खुशी. तुम्ही ज्यांना बोलावताय त्यांनी न येण्यात काही पाप नाही. तेव्हा आमंत्रणच लिहा. वाचणाऱ्याला सूत्र ठाऊक नसेल, तरी लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते असलेलं बरं.
आता ‘यजमान’ शब्दाची गंमत. यज्ञ करवून घेणारा, दक्षिणा देणारा, तो मूळचा यजमान. पुढे घरधनी, नवरा, पाहुणचार करणारा असे अर्थ आले. आमच्याकडे मंगेशी, कवळे, म्हार्दोळ भागात मात्र भटजींच्या तोंडी जुना अर्थ अजून आहे. मुंबईहून, कारवारहून कुळावी, म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणारी मंडळी, कुलदेवतेला येतात, भटजींच्या घरी पान वाढलं जातं आणि भटजी सांगतात, ‘आज यजमान जेवायला आहेत.’ वाढणारा भटजी, जेवणारा यजमान! तुमच्या पणजीच्या जेवणाची रचना हुबेहूब हीच आहे. बिल तुम्ही देणार, पण यजमान समोरच्या खुर्चीत बसलेला असणार.

पर्वरीहून (प्रश्नकर्ता)
ही शेवटची ओळ भागीदाराला वाचून दाखवली. आता ती त्या सगळ्यांना ‘आपले यजमान’ म्हणते. एक पोटप्रश्न: जेवताना कामाचं बोलायचं की नाही? आग्रह किती करायचा?

मडगावहून
आग्रह हा फार मराठी प्रकार आहे. जिलबीचा आग्रह लाडका, ऑर्डरचा आग्रह ओशाळवाणा. ताटातल्या पदार्थाचा करा, कामाचा एक शब्दही नको, निदान ताटं उचलेपर्यंत. नंतर एखादा स्वतःच विचारतो, ‘तुमचं ते कोलव्याचं काम कुठवर आलं?’ तिथून बोला. हेतू मात्र लपवू नका. पत्रिकेत एक ओळ असू द्या, ‘आमचं काम दाखवायचं आहे’, म्हणजे कुणाला फसवून बसवल्यासारखं वाटणार नाही.
या सगळ्यात कळीचा शब्द मला ‘मिंधा’ वाटतो. खाल्ल्या मिठाला जागणं हा सद्गुण आहे, पण जागायला लावणं नव्हे. फार महागडी जागा घेतलीत की पाहुणा मिंधा होतो, आणि मिंधा माणूस पुढच्या वेळी फोन उचलत नाही. घरगुती राइस प्लेटच्या दोन पायऱ्या वर, एवढंच ठेवा. बिल टेबलावर येऊ देऊ नका, आधीच काउंटरवर सांगून ठेवा.
मी हिशेबाचं काम करतो म्हणून जाता जाता: तुमच्यासारख्या पेढीला या जेवणाच्या बिलावरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. आणि असला खर्च पुष्कळांच्या वहीत ‘करमणूक’ म्हणून पडतो. करमणूक कुणाची, ते विचारू नका.

फोंड्याहून
दिवस कुठला धरलाय? सोमवार टाळा. देवाचा वार म्हणून कितीतरी घरांत नुस्तं, म्हणजे मासे, शिजत नाही, काहींचा गुरुवारही तसाच. इथे ‘शाकाहारी’ आणि ‘शिवराक’ (मासे-मांसाविना) यांतही फरक आहे, निदान माझ्या कानाला. शाकाहारी माणूस असतो, शिवराक दिवसही असतो. तेव्हा ‘तुम्ही शाकाहारी का?’ विचारलंत तर ‘नाही’ म्हणेल आणि सोमवारी ताटातल्या विसवणाला (सुरमईला) हात लावणार नाही. ‘त्या दिवशी शिवराक का?’ असं विचारा. शिवाय १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, लगेच मागोमाग श्रावण. खतखतें (मिश्र भाज्यांचं) आणि मणगण्यावर (हरभऱ्याच्या डाळीच्या खिरीवर) जेवण उत्तम होतं, पण हुमण, म्हणजे माशांची आमटी, खाऊ घालायचं मनात असेल तर चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, होऊ द्या.

पर्वरीहून (प्रश्नकर्ता)
चवथीनंतरचा बुधवार धरला. मजकूर असा: ‘आमचं काम तुम्हाला दाखवावं आणि त्या निमित्ताने एकत्र जेवावं असा विचार आहे. दुपारच्या जेवणाचं हे आमंत्रण.’ खाली ‘आपली उपस्थिती निश्चित करावी’ असं घातलंय.

डिचोलीहून
वरचं छान. खालची ओळ कोर्टाच्या समन्ससारखी आहे. ‘तुमचं पान मांडू ना? सोमवारपर्यंत कळवा.’ पंगतीत पानंच मोजतात. खुर्च्या असल्या तरी.