डिमेन्शिया: रात्री दोनला जाग, मग सकाळपर्यंत येरझाऱ्या. झोपेची गोळी मागावी का?

पहाटवारा
आमच्या घरातले रुग्ण: वय ७८, अल्झायमर, मधला टप्पा. संध्याकाळी साडेसातला आडवे होतात, रात्री दोनला उठतात. कपाटं उपसतात, ‘घरी जायचंय’ म्हणत दाराची कडी काढतात. दुपारी खुर्चीत दोन तास झोप. डोनेपेझिल (अल्झायमरची गोळी) रात्री, लघवीची गोळी (फ्युरोसेमाइड) संध्याकाळी सहाला. रात्री सांभाळायला दोघं आहेत, पण दोघांचीही झोप होत नाही.

लोलक
आधी बेरीज करा. रात्रीचे साडेसहा तास, दुपारचे दोन. साडेआठ तास झोप होतेय, फक्त भलत्या वेळी. गोळीने गुंगी येईल, पण मेंदूतलं घड्याळ जागेवर येणार नाही. अल्झायमरमध्ये त्या घड्याळाच्याच पेशी झिजतात, म्हणून वेळेची खूण बाहेरून द्यावी लागते. सगळ्यात ठळक खूण म्हणजे उजेड.

इथे एक खोच आहे. ‘सकाळी उन्हात बसवा’ हा सल्ला सरसकट दिला जातो, पण सकाळचा प्रखर उजेड घड्याळ आणखी अलीकडे ओढतो. ज्यांना संध्याकाळीच झोप येते, त्यांना उजेड दुपारी उशिरा हवा. चार ते सहा बाहेर न्या. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स (उजेड मोजायचं एकक) मिळतात, घरातल्या ट्यूबखाली शंभर ते तीनशे. खिडकीपाशी बसवत असाल तर खुर्चीची पाठ खिडकीकडे नको, उजेड डोळ्यांपर्यंत पोचायला हवा. घरातले दिवे अंधारून यायच्या आधीच लावा. सावल्या पडल्या की गोंधळ वाढतो.

झोपायची वेळ दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं पुढे सरकवा, दहापर्यंत. उठायची वेळ पहिल्या दिवसापासून एकच, रात्र कितीही वाईट गेली तरी.

पहाटवारा
दुपारी उठवलं की चिडतात.

लोलक
मग झोप लागूच देऊ नका. जेवणानंतर रिकामं बसवलं की डोळा लागणारच. ती वेळ हातांना द्या: कपड्यांच्या घड्या, शेंगा सोलणं, जिना सोडून कुठेही चालणं. डुलकी लागलीच तर तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची.

खलबत्ता
औषधांच्या वेळा बघा. डोनेपेझिल रात्री घेतलं की काहींना भडक स्वप्नं पडतात, झोप मोडते. सकाळी देता येईल का, डॉक्टरांना विचारा. फ्युरोसेमाइडचा जोर साधारण सहा तास टिकतो. सहाला दिली तर मध्यरात्रीपर्यंत लघवीच्या फेऱ्या. ती सकाळी देता येते का तेही विचारा. पायांना सूज असेल तर दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवा, नाहीतर ते पाणी आडवं झाल्यावर उतरतं आणि रात्री लघवी वाढवतं.

सर्दी-ॲलर्जीची गुंगी आणणारी गोळी (डायफेनहायड्रामीनसारखी) झोपेसाठी अजिबात नको, गोंधळ वाढतो. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम या गुंगीच्या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो. मेलाटोनिनकडून (झोपेचं संप्रेरक, गोळीतूनही मिळतं) फार अपेक्षा ठेवू नका.

आणि हा सगळा प्रकार दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झाला असेल, तर तो झोपेचा प्रश्न समजू नका. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, दुखणं हे आधी तपासून घ्या. झोपेत ओरडणं, लाथा मारणं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते लेवी बॉडी या डिमेन्शियाच्या प्रकाराचं लक्षण असू शकतं, आणि त्यात हॅलोपेरिडॉलसारखी (भास, आक्रमकपणा यांवरची) औषधं घातक ठरू शकतात. घोरताना श्वास थांबत असेल तर तेही सांगा.

दुसरीपाळी
दोनला उठले की ‘रात्र आहे, झोपा’ म्हणून वाद घालू नका, मोठा दिवा लावू नका. ‘घरी जायचंय’ याचा अर्थ बऱ्याचदा काहीतरी टोचतंय, थंडी वाजतेय किंवा लघवीला लागलीय. हळू आवाजात ‘चला, आधी बाथरूमला जाऊन येऊ’. मग पाणी, पांघरूण, परत पलंग. वाटेवर गुडघ्याच्या खाली मंद पिवळा दिवा ठेवा, आरशावर चादर टाका, स्वतःचंच प्रतिबिंब परकं माणूस वाटू शकतं. दाराला चुंबकी सेन्सर बसवा, पण त्याची घंटा सांभाळणाऱ्याच्या उशाशी. बाहेरून कुलूप लावू नका, आग लागली तर अडकतील.

दोघांनी दर वेळी एकत्र उठणं ही सगळ्यात मोठी चूक. रात्र वाटून घ्या: नऊ ते दोन एक, दोन ते सात दुसरा. ज्याची पाळी नाही त्याने वेगळ्या खोलीत, दार लावून, कानात बोळे घालून झोपायचं. सलग पाच तास मिळतात. तुकड्यातुकड्यांच्या सात तासांपेक्षा ते बरे.