लिनक्सवर कॅड कुठलं घ्यावं? पत्र्याचं जॉबवर्क आहे, पार्टी डीडब्ल्यूजी पाठवते, लेझरवाला डीएक्सएफ मागतो

पत्रावाला:
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत छोटं शेड आहे आमचं, पॅनेल बॉक्स, ब्रॅकेट, मशीनची गार्ड असली पत्र्याची कामं. प्रेस ब्रेक (पत्रा वाकवायचं मशीन) आपला आहे, लेझर बाहेरून करून घेतो. ऑफिसात दोन पीसी, दोन्ही सातव्या जनरेशनचे आय-फाइव्ह, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला म्हणे आठवी जनरेशन तरी लागते, मग चांगले चालते पीसी भंगारात घालायचे का, मनाला पटेना. भाच्यानं एकावर लिनक्स मिंट टाकून दिलं. सुसाट पळतंय, प्रिंटर पण लागला. अडलंय ते कॅडवर. आजवर ऑटोकॅडची एक जुनी कॉपी वापरत होतो (कुठली, कशी, ते विचारू नका) ती यावर चालत नाही, वाइनमध्ये (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायची सोय) भाच्यानं दोन रात्री घातल्या, शेवटी हात टेकले.
कामाला लागतं एवढंच: पार्टीची डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) उघडून मापं बघणं, फ्लॅट पॅटर्न (वाकवण्याआधीचा सपाट आकार) काढून लेझरला डीएक्सएफ (बहुतेक कॅडमध्ये उघडणारी ड्रॉइंग फाइल) देणं, आणि कधीमधी कोण स्टेप (थ्रीडी मॉडेलची) फाइल पाठवतं ती उघडणं. बजेट जवळपास शून्य धरा. मी डिप्लोमावाला नाही, आयटीआय फिटर, कॅड शिकलो ते बघून बघून.

भोसरीकर:
दादा, सगळं एकाच सॉफ्टवेअरमधून करायचा हट्ट सोडा म्हणजे अर्धं काम झालं. नुसतं टूडी आखायचं तर लिब्रेकॅड, हलकं आहे, तुमच्या मशीनवर पळेल. पण ते डीडब्ल्यूजीत सेव्ह करत नाही आणि नव्या डीडब्ल्यूजी उघडताना रडतं. त्याला डीएक्सएफचंच समजा.
क्यूकॅड त्याचा थोरला भाऊ, लिब्रेकॅड त्याच्याच फुकट आवृत्तीतून फुटून निघालं. क्यूकॅडच्या पैसेवाल्या प्रोफेशनलमध्ये डीडब्ल्यूजी येतं, ट्रायल आहे पण दर १५ मिनिटांनी बंद पडतं आणि परत चालू करावं लागतं, चहाला उठायची आठवण म्हणून बरं आहे.
स्टेप आणि पत्र्याची घडी उलगडणं हे मात्र फ्रीकॅडचं काम. त्यात अ‍ॅडऑन मॅनेजरमधून शीटमेटल नावाचं वर्कबेंच (एका कामाच्या टूलांचा संच) टाका, घडी घातलेला जॉब उलगडून सपाट करून देतं. आमच्याकडे दोन वर्षं तेच चाललंय.

टर्मिनलताई:
भोसरीकरांना प्लस वन, पण एक सांगते, मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं सिस्टिम पॅकेज आलं की जुनं येण्याची शक्यता जास्त, तेवढं बघून घ्या. फ्रीकॅडच्या साइटवरून अ‍ॅपइमेज उतरवा, नाहीतर फ्लॅटपॅक घ्या (दोन्ही कुठल्याही लिनक्सवर चालणारी तयार पॅकेज). नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आलं, त्याच्या खालचं घेऊच नका. आधीच्या व्हर्जनला एक खोड होती, तुम्ही एका फेसवर (मॉडेलच्या एका पृष्ठभागावर) भोक मारलंय आणि मग मागं जाऊन आधीच्या स्केचमध्ये एक कोपरा वाढवला की आतल्या आत फेसचे नंबर बदलायचे, सहा नंबरचा फेस सात नंबरचा व्हायचा आणि भोक भलतीकडेच जायचं किंवा सगळं मॉडेल लाल. लोक वैतागून सोडायचे ते यामुळंच. १.० मध्ये ते बरंच आवरलंय, पूर्ण गेलंय असं म्हणणार नाही, म्हणून शक्य तिथं स्केच फेसवर न काढता मूळ प्लेनवरच काढायची सवय लावा.
आणि दोन्ही पीसीवर एकच व्हर्जन ठेवा. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात नीट उघडेल असं धरून चालू नका.
डीडब्ल्यूजीसाठी ओडीए फाइल कन्व्हर्टर. फुकट मिळतं, लिनक्सचं पण आहे, ओपन सोर्स मात्र नाही (माझ्यासारखीला ते खुपतं पण पोट भरायचं असतं). अख्खं फोल्डर एका दमात डीएक्सएफ करून देतं. फ्रीकॅडच्या प्रेफरन्समध्ये त्याचा पाथ दिला की डीडब्ल्यूजी थेट उघडते.

आळशी_आर्किटेक्ट:
थोडं उलट बोलतो, राग मानू नका. पार्टी डीडब्ल्यूजी पाठवते आणि तुम्ही करेक्शन करून डीडब्ल्यूजीच परत पाठवायची असेल तर फुकटच्या नादी लागू नका. ब्रिक्सकॅड लिनक्सवर सरळ बसतं, डीडब्ल्यूजी हाच त्याचा स्वतःचा फॉरमॅट, कमांडा ऑटोकॅडच्याच, हाताला सवय आहे तीच. एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घेता येतं, ३० दिवस ट्रायल. पैसे लागतात, हे खरंय.
फुकटबद्दल माझा अनुभव कडू आहे. एका कंपनीचं फुकट टूडी सॉफ्टवेअर होतं, लिनक्सवर मस्त चालायचं, सगळं ऑफिस त्यावर आणलं, आणि २०१९ च्या शेवटी कंपनीनं फुकट बंद केलं. नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी साइटवरून प्लॅन मागायला फोन आणि माझ्याकडे सॉफ्टवेअर उघडेना.

टर्मिनलताई:
ते फुकट होतं, मुक्त नव्हतं, इथंच तर गोम आहे ना. फ्रीकॅडचा सोर्स सगळ्यांकडे आहे, उद्या कोणी कुलूप लावायचं म्हटलं तरी दुसरे पुढे चालवतील. बाकी परत डीडब्ल्यूजीच द्यायची असेल तर तुमचं पटतं.
हो आणि कोणीतरी ब्राउझरवालं ऑनशेप सुचवेलच, त्याआधी मीच सांगते, चांगलं आहे, लिनक्सवर काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही, पण फुकट प्लॅनमध्ये तुमचं डॉक्युमेंट जगाला दिसतं. पार्टीचं ड्रॉइंग असं उघड्यावर ठेवणार का?

पत्रावाला:
नाही बाबा, एका पार्टीनं तर कागदावर सही घेतलीय ड्रॉइंग बाहेर जाणार नाही म्हणून. डीडब्ल्यूजी परत कुणी मागत नाही, सगळ्यांना जॉब पाहिजे. तर फ्रीकॅड, लिब्रेकॅड आणि ते कन्व्हर्टर टाकतो, रविवारी बसतो.

पत्रावाला:
झालं की नाही घोळ. सगळं टाकलं, पार्टीच्या डीडब्ल्यूजीतल्या दोन उघडल्या, एक आली ती राक्षसाएवढी, पंचवीसपट. २ मिमी पत्र्याचं यू चॅनेल फ्रीकॅडमध्ये काढलं, आतली त्रिज्या २, दोन बेंड. के-फॅक्टर (वाकताना पत्रा किती ताणतो त्याच्या हिशोबाचा आकडा) आमच्या मशीनचा ०.४४ धरतो तोच टाकला. उलगडून डीएक्सएफ दिली, तर पहिलं म्हणजे लेझरवाल्यानं बेंड लाइनी पण कापून आणल्या!! तीन तुकडे हातात. त्या लाइनी काढून परत कापून घेतला तर वाकवल्यावर बाहेरून बाहेर माप १.४ मिमीनं कमी. प्रेस ब्रेक तोच, ऑपरेटर तोच. म्हणजे सॉफ्टवेअर चुकतंय का?

भोसरीकर:
सॉफ्टवेअर नाही चुकलं, तुमची निवड चुकलीय, पैज लावतो. उलगडायच्या खिडकीत के-फॅक्टरच्या शेजारी अ‍ॅन्सी की डिन (अमेरिकन की जर्मन पद्धत) असं विचारतं. आपण बोलतो तो अ‍ॅन्सीचा, पत्र्याच्या जाडीच्या किती भागावर न्यूट्रल लाइन (जिथं पत्रा ताणतही नाही, दबतही नाही) आहे तो, तो ०.५ च्या आत असतो. डिनचा आकडा त्याच्या दुप्पट. तुम्ही डिन ठेवून ०.४४ टाकलात म्हणजे त्यानं ०.२२ धरला.
हिशोब बघा. ९० अंशाच्या बेंडला पत्रा किती खातो ते १.५७ गुणिले (त्रिज्या अधिक के गुणिले जाडी). ०.४४ ला १.५७ × २.८८ म्हणजे ४.५२. ०.२२ ला १.५७ × २.४४ म्हणजे ३.८३. एका बेंडला जवळपास ०.७, दोन बेंडला १.४. आलं का तुमचं माप?
आणि ०.४४ तरी तुमच्याच मशीनचा आहे का कुणाच्या पुस्तकातला? १०० मिमीची पट्टी कापा, मधोमध ९० ला वाकवा, दोन्ही पाय बाहेरून मोजा. २ मिमी पत्रा, आत त्रिज्या २ आणि के ०.४४ खरा असेल तर बेरीज साधारण १०३.५ यायला पाहिजे. वेगळी आली तर के बदला. डाय बदलली की परत पट्टी.
पंचवीसपटचं म्हणजे इंचाचा घोळ, २५.४. डीएक्सएफमध्ये युनिट कुठलं ते कधीकधी लिहिलेलं नसतं किंवा चुकीचं असतं. इंपोर्ट झाल्यावर एक माहीत असलेलं भोक मोजायचं, मगच पुढं जायचं.
बेंड लाइनी वेगळ्या लेयरवर किंवा वेगळ्या स्केचमध्ये ठेवा, लेझरला फाइल देताना बाहेरची कड आणि भोकंच द्यायची. आणि देण्याआधी लिब्रेकॅडमध्ये उघडून एकावर एक बसलेल्या डबल लाइनी आहेत का ते बघा, नाहीतर तो एकाच जागी दोनदा कापतो आणि बिल पण तेवढंच लांब लावतो.

आळशी_आर्किटेक्ट:
हे वाचून मलाच पत्रा वाकवावासा वाटायला लागला.
एक छोटी युक्ती माझ्याकडून. डीडब्ल्यूजी उघडत नसेल तर ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पहिली सहा अक्षरं बघा, बाकी कचरा दिसेल तिकडे लक्ष देऊ नका. एसी१०३२ असेल तर २०१८ चा फॉरमॅट, एसी१०२७ असेल तर २०१३ चा. मग पार्टीला नेमकं सांगता येतं, जुन्यात सेव्ह करून पाठवा म्हणून. नुसतं उघडत नाही म्हटलं की तीच फाइल परत येते.

पत्रावाला:
भोसरीकर, डिनच होतं हो. अ‍ॅन्सी केलं. काल पट्टी कापून वाकवली, बेरीज १०३.३ आली, म्हणजे आमचा के ०.४४ नाही, ०.५ च्या जवळ निघतो, इतकी वर्षं ऑपरेटर हातानं दोन-दोन पॉइंट मारून घेत होता आणि मला वाटायचं मशीनचा स्टॉपर हलतोय. आज यू चॅनेल परत केलं, मापात आहे, व्हर्नियर लावून बघितलं.
ऑपरेटरला के-फॅक्टर सांगायला गेलो तर म्हणाला मालक ते मला डोळ्यानं कळतंय, तुम्ही फक्त लेझरवाल्याला लाइनी कापू नको म्हणून सांगा.
आता एकच राहिलं. एका शीटमध्ये वीस-पंचवीस जॉब बसवायचे असतात, ते हातानं हलवून हलवून मान धरते. त्याला लिनक्सवर काय आहे?

टर्मिनलताई:
डीपनेस्ट बघा. त्याचा वेगळा धागा काढा मात्र, इथं आता खाली खाली शोधत बसावं लागेल.